फावल्या वेळचे राष्ट्रपिते

मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाला आपली कादंबरी खपवायची होती. 'जेनिफर गव्हर्न्मेंट' हे तिचं नाव. तिच्यातली माणसं ज्या कंपनीत नोकरी करतात तिचंच नाव आडनाव म्हणून लावतात. पुस्तक २००३च्या आरंभी येणार होतं. त्याच्या जाहिरातीसाठी म्हणून बॅरीनं नोव्हेंबर २००२ मध्ये इंटरनेटवर एक खेळ सोडून दिला, 'नेशनस्टेट्स'. कुणीही यावं, फुकटात एक देश काढावा, त्याला झेंडा, चलन, राष्ट्रीय प्राणी आणि बोधवाक्य द्यावं आणि रोज समोर येणाऱ्या दोन-चार प्रश्नांवर निर्णय देत राज्य चालवावं. कादंबरी ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली. खेळ मात्र वीस वर्षं उलटून गेली तरी चालूच आहे. लाखांनी देश निघाले आणि लाखांनी बुडाले. थोडक्यात, ज्यानं खेळ काढला त्याचा हेतूसुद्धा देश चालवणं हा नव्हता. मग खेळणाऱ्यांकडून तरी तशी अपेक्षा का ठेवावी?

माझाही तिथं एक देश आहे. नाव निवांतवाडी, राष्ट्रीय प्राणी म्हैस, चलन आणा, बोधवाक्य 'बघू'. लोकसंख्या दिवसागणिक आपोआप वाढते, त्यासाठी सरकारला काहीही करावं लागत नाही, आणि एवढ्या एका बाबतीत हा खेळ मला अतिशय वास्तववादी वाटतो. सकाळी चहाबरोबर मी देशापुढचे प्रश्न उघडतो. मतदान सक्तीचं करावं का? एक सल्लागार म्हणतो, करा. दुसरा म्हणतो, लोकांच्या मर्जीवर सोडा. तिसऱ्याचं म्हणणं, निवडणुकाच बंद करून टाका, कटकट मिटली. शहाणा पर्याय सहसा नसतोच, आणि जो निवडाल तो खेळ आणखी चार पावलं पुढं नेऊन ठेवतो. नागरिकांवर जरा लक्ष असावं एवढंच आपण सुचवावं, तर देशाच्या माहितीपत्रकात ओळ झळकते की नागरिकांच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी त्यांच्या अंगावर बारकोड छापले आहेत. मात्र प्रत्येक प्रश्नाखाली 'विषय फेटाळा' असंही एक बटण असतं. निवांतवाडीचं गृह, अर्थ आणि शिक्षण धोरण प्रामुख्यानं त्या बटणावर उभं आहे.

नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य या तिन्हींचा हिशेब करून खेळ तुमच्या राज्याला २७ प्रकारांपैकी एकात बसवतो. माथेफिरू हुकूमशाहीपासून 'बाबा म्हणतील तेच' छापाच्या राजवटीपर्यंत सगळे नमुने त्यात आहेत. माझं राज्य 'निरुपद्रवी मध्यममार्गी लोकशाही' या गटात मोडतं. घरी हे कळल्यावर कुणाला नवल वाटलं नाही.

भाच्याला मी हे सगळं कौतुकानं दाखवलं. त्यानं खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मामा, तू अजून इश्यूच सोडवतोयस?" प्रश्नात कुतूहल कमी आणि कीव जास्त होती. चौकशी केल्यावर कळलं की चिरंजीव गेली काही वर्षं याच खेळात आहेत, पण त्यांच्या देशाला बोधवाक्यसुद्धा नाही. ते रेडर आहेत.

हा प्रकार समजून घ्यायला मला मे महिन्याची सुट्टी लागली. देश आपापले 'प्रदेश' करून राहतात. प्रदेशाचा प्रमुख म्हणजे डेलिगेट. ज्याला इतर देशांचे सर्वांत जास्त पाठिंबे, तो प्रमुख. आणि पाठिंबा देण्याचा हक्क खेळातल्या जागतिक परिषदेच्या सदस्यांनाच. हे सदस्यत्व एका माणसाला एकच मिळतं, मग त्याचे देश कितीही असोत. पाठिंब्यांची मोजदाद दिवसातून दोनदा, 'अपडेट'च्या वेळी होते. न्यूयॉर्कच्या घड्याळानं मध्यरात्र आणि भरदुपार. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास. अपडेट एकेका प्रदेशावरून सरकत जातं, त्यामुळे कोणता प्रदेश कितव्या सेकंदाला मोजला जाणार याचा अंदाज बांधता येतो. रेडरांची टोळी शेवटच्या काही सेकंदांत त्या प्रदेशात घुसते, सगळे मिळून आपल्या म्होरक्याला पाठिंबा देतात, मोजणी होते आणि प्रदेश गेला.

रात्रीची जेवणं चालली होती. ताटात आमरस, समोर मामी, आणि हा पठ्ठ्या डाव्या हातात फोन धरून बसलेला. "मामी, एक मिनिट, पोळी वाढू नकोस," असं म्हणून त्यानं श्वास रोखला. अंगठा दोनदा आपटला. मग फोन पालथा ठेवून म्हणाला, "घेतला. आता वाढ."

"काय घेतला?" मी विचारलं.

"प्रदेश."

"कुणाचा?"

"माहीत नाही. सात-आठ देश आहेत. कुणीतरी मासेमारीवाले वाटतायत."

"अरे, पण त्यांनी तुमचं काय बिघडवलं होतं?"

"काहीच नाही, मामा."

"मग?"

"मग काय? झोपले होते ते."

एवढं सरळ युद्धकारण मी इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तिथं निदान जावयाचा अपमान किंवा मिठावरचा कर तरी असतो. जिंकलेल्या प्रदेशाचं हे लोक काय करतात? झेंडा बदलतात, माहितीपत्रकात आपल्या टोळीचं नाव लिहितात, आणि मनात आलं तर मूळ रहिवाशांना हाकलतात. हाकललेले देश 'द रिजेक्टेड रेल्म्स' या प्रदेशात जाऊन पडतात. तिथून मात्र कुणाला हाकलता येत नाही. शिवाय रेडरांना पिटाळणारे डिफेंडर असतात. त्यांचंही तेच घड्याळ, तेच सेकंद. भाच्याला त्यांच्याबद्दल विलक्षण आदर आहे. मासेमारीवाल्यांबद्दल बोलताना तो जांभई देतो आणि डिफेंडरांबद्दल बोलताना ताठ बसतो. युद्ध त्याचं प्रदेशाशी नाहीच. त्याला रात्री साडेनऊला चार मित्र आणि एक तुल्यबळ शत्रू हवा असतो. प्रदेश ही निव्वळ भेटण्याची जागा.

या दांडगाईला आळा बसावा म्हणून २००९ मध्ये खेळात सुरक्षा परिषद आली. चांगल्या देशाचं जाहीर अभिनंदन आणि वाईट देशाचा जाहीर निषेध असे दोन्ही ठराव ती करू लागली. ठराव संमत झाला की त्याचा बिल्ला त्या देशाच्या पानावर लागतो. झालं असं की रेडर मंडळींना निषेधाचाच बिल्ला हवासा झाला. आपला निषेध व्हावा म्हणून लोक झटू लागले, मागे लागू लागले. ज्याचा निषेध झाला तो मिरवू लागला, आणि ज्याचा झाला नाही तो पुन्हा उमेदीनं उपद्रवाला लागला. शिक्षा ठरवणाऱ्यानं गुन्हेगाराला काय हवं आहे हे आधी विचारायला हवं होतं.

आता वरच्या मजल्यावरचे साहेब. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यापाशी मी सहज या खेळाचा विषय काढला आणि पंधरवड्यात त्यांनी मला मागं टाकलं. त्यांचा देश काय करतो हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. ते दिवसभर जागतिक परिषदेत असतात.

या परिषदेचं नाव आधी सरळ 'संयुक्त राष्ट्रं' असंच होतं. जानेवारी २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून बॅरीला पत्र आलं की आमचं नाव आणि चिन्ह वापरणं बंद करा. जगातल्या एवढ्या लढाया चालू असताना त्या संस्थेला या लुटुपुटीच्या परिषदेची दखल घ्यायला सवड मिळाली, आणि तिची ताकीद पाळलीही गेली. नाव बदललं नेमकं १ एप्रिलला, त्यामुळे बऱ्याच खेळाडूंना ती थट्टाच वाटली. तेव्हापासून तिचं नाव 'वर्ल्ड असेंब्ली'.

तिथं ठरावाचा मसुदा मांडतात, त्यावर चर्चा होते, पुरेशा डेलिगेटांची संमती मिळाली तर तो मताला जातो, आणि संमत झाला की सगळ्या सदस्य देशांच्या आकड्यांत आपोआप फरक पडतो. रात्रीतून तुमचे कायदे बदलून जाणारे बुटके असतात अशी खेळाडूंमध्ये दंतकथा आहे. संमत ठरावात दुरुस्ती करता येत नाही. एक शब्द बदलायचा तरी आधी तो रद्द करण्याचा ठराव आणायचा, तो जिंकायचा, मग नवा आणायचा. हा नियम मला सांगताना साहेबांचे डोळे पाणावल्यासारखे झाले.

"साहेब, जन्मभर हेच तर केलंत," मी म्हटलं. "निवृत्तीनंतरही मसुदेच?"

"तिथं मसुदा वाचायला कुणी नव्हतं हो," ते म्हणाले. "वरून खाली सह्या व्हायच्या. इथं परवा माझ्या तिसऱ्या कलमातल्या अल्पविरामावर फिनलंडचा एक मुलगा आणि कॅनडाच्या एक बाई दोन दिवस भांडत होत्या. दोन दिवस! वाचलं म्हणजे."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा केलेली नाही.

भाचा आणि साहेब एकाच खेळात आहेत हे एकमेकांना कळल्यावर गच्चीवर जो प्रसंग उद्भवला तो थोडक्यात सांगतो. साहेबांनी विचारलं, "तू कोणत्या समितीवर आहेस?" भाचा म्हणाला, "काका, तुम्ही अपडेटला जागे असता का?" दोघांनाही समोरचा थापा मारतो आहे असं वाटलं.

खेळाडूंची आणखी एक जात म्हणजे आकडेवाले. त्यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांच्याशी बोलायला गेलं की ते आकडेच सांगतात. हा खेळ प्रत्येक देशाला शेकड्याच्या घरातल्या... नव्हे, शेकडा म्हटलं तर ते लगेच मोजून चूक काढतील. पुष्कळ निकषांवर क्रमांक देतो. हवामान, उद्धटपणा, चीजची निर्यात, पिझ्झा घरपोच पोचवण्याचा धंदा, ट्राउट मासेमारी, टोपल्या विणणं, आणि 'सर्वसामान्यपणा'सुद्धा. वरच्या एक टक्क्यात आलात की तसा बिल्ला. मग टोपल्यांत जगात पहिलं यायचं म्हणून माणूस शाळा, पोलीस, निवडणुका सगळ्यांवरचे निर्णय टोपल्यांच्या हिशेबानं घेतो. २०१८ मध्ये एप्रिल फूलची गंमत म्हणून देशांचे पत्ते निघाले. ते पुढं कायमच झाले, आणि प्रश्न सोडवले की पत्त्यांची पाकिटं मिळतात हे कळताच लोकांनी शेकडो बाहुले-देश काढून ठेवले. या देशांच्या मालकांच्या मनात नागरिक नाहीत, धोरण नाही, स्वप्न नाही. ते पत्त्यांसाठी आहेत. आपलं जग पाहता त्यांचं अगदीच चुकतं असं म्हणवत नाही.

राहिले गोष्टीवाले, आणि माझा कल उघडपणे त्यांच्याकडे आहे. यांना क्रमांकाचं सोयरसुतक नाही. ते आपल्या देशाची रेल्वे, राजघराणी, कादंबरीकार, फुटबॉलचे संघ, फसलेली बंडं असं सगळं लिहीत बसतात आणि इतरांबरोबर मिळून युद्धं रचतात. त्या युद्धात कोण हरणार हे यंत्र ठरवत नाही; हरणाऱ्यानं आपणहून हरायचं असतं. जो कधीच हरत नाही, ज्याचं प्रत्येक क्षेपणास्त्र लागतं आणि समोरच्याचं एकही लागत नाही, त्याला मंडळी वाळीत टाकतात. म्हणजे त्याचं युद्ध झालंच नाही असं समजतात. राजनीतीतली इतकी परिणामकारक शिक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

हा छंद इंटरनेटनं आणलेला नाही. १८२६च्या जूनमध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्यानं लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलाचं नाव ब्रॅनवेल ब्राँटे. बहिणींनीही एकेक शिपाई उचलला. शार्लटनं आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं, मग ब्रॅनवेलचा ओघानंच बोनापार्ट झाला. त्यातून ग्लास टाउन नावाचं राज्य उभं राहिलं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्याची मासिकं निघाली, पुढं अँग्रिया हे साम्राज्य झालं. ब्रॅनवेलला लढाया आणि राजकारण हवं होतं, शार्लटला प्रेमप्रकरणं आणि कारस्थानं. धाकट्या एमिली आणि ॲन यांनी काही वर्षं हे सोसलं आणि मग सरळ फुटून निघाल्या. त्यांनी गोंडाल हा आपला वेगळा देश काढला. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून फाळणी. आणि ती टिकली. १८४५ मध्ये दोघी यॉर्कला सहलीला गेल्या तेव्हा वाटेत गोंडालमधली माणसं बनून बोलत होत्या. एमिली तेव्हा सव्विशी पार करत होती आणि लवकरच तिची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी छापून येणार होती. माझ्या भाच्याच्या आईनं हा परिच्छेद मुद्दाम वाचावा.

खेळाडूंच्या या तऱ्हांची विभागणी रिचर्ड बार्टल या इंग्लिश गृहस्थानं केव्हाच करून ठेवली आहे. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं सुरू केलेला आणि बार्टलनं पुढं नेलेला 'मड' हा अनेकांनी मिळून खेळायच्या संगणकी जगांचा मूळपुरुष. पुढं त्याच्या एका नव्या अवतारातल्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये वाद पेटला की लोकांना या खेळातून नेमकं हवं तरी काय. हा वाद नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० असा चालला. अर्ध्या वर्षात एकमत झालं नाही, पण ऐकता ऐकता बार्टलच्या लक्षात आलं की हे चार वेगवेगळ्या खेळांबद्दल बोलत आहेत. १९९६ मध्ये त्यानं ते लेखात मांडलं आणि चौघांना पत्त्यांचे चार रंग दिले. कमावणारे ते चौकट, खणून पाहणारे ते इस्पिक, माणसांसाठी येणारे ते बदाम, आणि दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारे ते किलवर. किलवर वाढले की बदामवाले पळतात, हेही त्यानं सांगून ठेवलं. मात्र मासेमारीवाल्यांपर्यंत तो लेख पोचलेला दिसत नाही.

मला वाटतं, हे समजायला मराठी माणसाला लेखाची फारशी गरज नाही. त्यानं दिवाळीतला किल्ला केलेला असतो. किल्ला एक, पण प्रत्येक पोराचा वेगळा. एकाला माती कालवायची असते, बाकी किल्ला झाला काय न झाला काय. एकजण दवाखान्यातून सलाइनची नळी पैदा करून कारंजं उडवण्याच्या खटपटीत असतो. ते उडालं की त्याची दिवाळी संपली. कुणी पोत्याखाली आळीव पेरून रोज कोंब मोजतं. एक अभ्यासू पोर गडाचा नकाशा घेऊन उभं असतं आणि महादरवाज्याची दिशा चुकली म्हणून सगळ्यांशी अबोला धरतं. एकजण येणाऱ्या-जाणाऱ्या काकूंना माहिती सांगतो. मातीला त्याचा हात लागलेला नसतो, पण बक्षीस घ्यायला पुढं तोच. एकाला मावळे मांडायचे असतात, आणि त्याच्या किल्ल्यात तोफेशेजारी प्लॅस्टिकची गाय आणि वाहतूक पोलीस असतो. आणि एकजण, अगदी पहिल्या दिवसापासून, पाडव्यानंतर या किल्ल्यात सुतळी बॉम्ब कुठं ठेवायचा याचा विचार करत शांतपणे दगड रचत असतो. मी पाहिलंय, सगळ्यात चांगलं रचकाम त्याचंच असतं.

गंमत अशी की किल्ल्याच्या वेळी यातलं कुणी दुसऱ्याला 'तू चुकीचं खेळतोयस' असं म्हणत नाही. म्हटलं तरी चकलीच्या वेळेपर्यंत विसरतं. मोठेपणी तेवढं विसरणं जमत नाही. गोष्टीवाला रेडरला गुंड समजतो. रेडर गोष्टीवाल्याला स्वप्नाळू समजतो. परिषदेतले लोक दोघांनाही पोरकट समजतात, आकडेवाला तिघांचे क्रमांक पाहून हसतो. आणि चौघंही स्वतःला देशाचे राष्ट्रपिते म्हणवतात. खरं तर राज्य करण्याची हौस असलेला माणूस मला या खेळात अजून भेटलेला नाही. तो बहुतेक नगरसेवकपदासाठी उभा असेल.

भाच्यानं माझ्यावर एकदा उपकारही केला. निवांतवाडी ज्या प्रदेशात आहे तो त्याच्या टोळीच्या यादीत होता. त्यानं आपल्या म्होरक्याला सांगून तो वगळायला लावला. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, तुमच्याकडे काही मजा नाही. तुम्ही लोक प्रतिकारच करणार नाही." मंत्रिमंडळाच्या वतीनं मी त्याचे आभार मानले.

वाचकांपैकी कुणाला हौस वाटली तर खेळ अजूनही फुकट आहे. पाच मिनिटांत देश निघतो. झेंडा, चलन, प्राणी, बोधवाक्य हवं तेव्हा बदला. राज्यपद्धती तर न विचारताच बदलत राहील. २८ दिवस फिरकला नाहीत तर देश मिटतो, पण नंतर परत आलात तर तो जसाच्या तसा मिळतो. फक्त नाव एकदाच ठेवता येतं, ते पुढं बदलता येत नाही. तेव्हा ते ठेवताना घरातल्या लहान मुलांना विचारू नका.